मंगळाच्या ध्रुवावरचा बर्फ घटत असेल, तर पृथ्वी तापण्याला सूर्य जबाबदार ठरतो का?

कर्वेनगरवासी

नमस्कार मंडळी. पुण्यात उन्हाळ्याच्या झळा सुरू झाल्या की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हवामानबदलाची चर्चा हमखास निघते. या वेळी तिथे एक संदेश फिरतो आहे. मंगळाच्या दक्षिण ध्रुवावरचा बर्फही वर्षागणिक कमी होतो आहे, तिथे ना मोटारी आहेत ना कारखाने, त्या अर्थी सूर्यच अधिक तापला आहे आणि माणसाच्या कार्बन उत्सर्जनाला दोष देण्यात काही तथ्य नाही, असा त्याचा आशय आहे. हा संदेश आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त अभियंता काकांनी पाठवला. ते उथळ माणूस नव्हेत; पाणीटंचाईपासून लिफ्टच्या करारापर्यंत आम्ही त्यांचाच सल्ला घेतो. त्यांनी मला सरळ विचारले, "दोन शेजारी ग्रह एकाच काळात तापत असतील, तर दोघांना समान असलेले कारण सूर्याखेरीज दुसरे कोणते, ते तू सांग."

त्यांचा दुसरा मुद्दा असा की, मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड असूनही तो ग्रह गोठलेला आहे, मग पृथ्वीच्या हवेतल्या ०.०४ टक्क्यांनी एवढे काय बिघडणार?

दोन्ही प्रश्न मला रास्त वाटतात आणि त्यांना तितकेच नेटके उत्तर द्यावे अशी इच्छा आहे. मंगळावरचा हा बर्फ नेमका कशाचा आहे, तो खरोखर कमी होतो आहे का, आणि होत असेल तर त्यावरून काय सिद्ध होते, हे जाणकारांनी आकड्यांसह सांगावे ही विनंती.

ध्रुवमत्स्य

आपल्या काकांच्या संदेशात एक खरे निरीक्षण आहे आणि त्यावर उभारलेला एक चुकीचा निष्कर्ष आहे, म्हणून आधी निरीक्षणाबद्दल सविस्तर लिहितो.

मंगळाच्या ध्रुवांवर दोन प्रकारचा बर्फ आहे. एक आपल्या ओळखीचा पाण्याचा बर्फ आणि दुसरा गोठलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण ज्याला ड्राय आइस म्हणतो तो. उत्तर ध्रुवावर उन्हाळ्यातही टिकून राहणारी टोपी पाण्याच्या बर्फाची आहे, हे १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी केलेल्या तापमानाच्या आणि बाष्पाच्या मोजमापांवरून स्पष्ट झाले. ती सुमारे १,००० किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या खालच्या थरांसह धरली तर दोन ते तीन किलोमीटर जाड आहे. दक्षिणेकडेही पाण्याच्या बर्फाचे तसेच अवाढव्य थर आहेत, पण त्यांच्या माथ्यावर, ध्रुवाच्या थोड्या बाजूला, सुमारे ४०० किलोमीटर पसरलेला कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा एक पातळ पापुद्रा वर्षभर टिकून असतो. त्याची जाडी जेमतेम आठ-दहा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या साधारण तीन मजली इमारतीइतकी. फिरणाऱ्या संदेशातला "घटणारा बर्फ" म्हणजे हा पापुद्रा; मंगळावरचा बाकीचा बर्फ नव्हे.

याखेरीज दर हिवाळ्यात येणारी आणि दर वसंतात जाणारी हंगामी टोपी असते, ती वेगळी. ध्रुवावर अनेक महिन्यांची रात्र सुरू झाली की तापमान उणे १२५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडच जमिनीवर गोठू लागतो. असे घडेल याचे गणित रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरी यांनी १९६६ मध्येच मांडले होते. मंगळाच्या संपूर्ण वातावरणाचा सुमारे चौथा हिस्सा अशा रीतीने जमिनीवर उतरतो आणि पुन्हा वर जातो. व्हायकिंग १ जिथे उतरले होते तिथला हवेचा दाब वर्षभरात पावणेसात मिलिबारपासून नऊ मिलिबारपर्यंत वरखाली होत असे, तो याच कारणाने. पुण्यात हा दाब सुमारे ९५० मिलिबार असतो आणि मोठे वादळ आले तरी त्यात काही मिलिबारांचाच फरक पडतो. आपल्या हवेचा चौथा भाग दर वर्षी गोठून खाली पडतो आहे अशी कल्पना केली, तर मंगळाचे हवामान किती निराळ्या नियमांनी चालते हे ध्यानात येईल. २०१२ पासून गेल विवरात फिरणाऱ्या क्युरिऑसिटी या गाडीनेही दाबाचा तोच दोन उंचवट्यांचा वार्षिक आलेख नोंदवला आहे.

आता घटण्याविषयी. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने १९९९ मध्ये दक्षिणेच्या त्या पापुद्र्याची छायाचित्रे घेतली आणि एका मंगळवर्षानंतर, म्हणजे आपल्या ६८७ दिवसांनंतर, २००१ मध्ये त्याच जागांची पुन्हा घेतली. या पापुद्र्यात शेकडो मीटर रुंदीचे, सपाट तळाचे, जवळपास गोल असे खळगे आहेत, ज्यामुळे अभ्यासक या भूरूपाला स्विस चीज म्हणतात. दोन्ही छायाचित्रे एकमेकांवर ठेवली तेव्हा खळग्यांच्या उभ्या कडा तीन मीटरपर्यंत मागे सरकलेल्या आढळल्या. कपाटातली डांबराची गोळी जशी द्रव न होता झिजत जाते, तसा हा बर्फ थेट वायू होऊन जातो. मंगळावरच्या दाबाला द्रव कार्बन डायऑक्साइड अस्तित्वातच राहू शकत नाही. मायकेल मॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण २००१ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केले. ते पक्के आहे आणि नंतरच्या यानांनीही त्याला दुजोरा दिला आहे.

मात्र एवढ्यावरून "मंगळ तापतो आहे" असे म्हणता येत नाही, कारण कडा झिजत असताना खळग्यांच्या मधल्या सपाट भागावर नवा बर्फ साठतानाही दिसला आहे. कडेवर सूर्यकिरण थेट पडतात, त्यामुळे ती झिजते. सपाट माथ्यावर ते अगदी तिरपे येतात आणि पांढऱ्या पृष्ठभागावरून परावर्तित होतात, त्यामुळे तिथे भर पडू शकते. म्हणजे एकाच टोपीवर, एकाच ऋतुचक्रात, क्षय आणि वाढ शेजारी शेजारी चालू आहेत. खळगे तयार व्हावेत, एकमेकांत मिसळावेत, थर फाटावा आणि पुन्हा नवा थर बसावा, असे चक्र हवामान कायम असतानाही चालू शकते, असे संगणकीय प्रारूपांवरून दिसते. काकांना एवढेच विचारावे की, ग्रह तापल्याने बर्फ जात असेल, तर शेजारच्या पन्नास पावलांवर तो वाढतो कसा?

पाषाणवासी

ध्रुवमत्स्य यांनी मंगळाची बाजू मांडली आहेच. सूर्याविषयी आणि ९५ टक्क्यांच्या कोड्याविषयी मी लिहितो.

सूर्य अधिक तापला आहे का, हे जाणून घेण्यासाठी मंगळाच्या बर्फाची साक्ष काढण्याची गरजच नाही, कारण सूर्याकडून येणारी ऊर्जा आपण १९७८ पासून उपग्रहांवरून थेट मोजतो आहोत. पृथ्वीच्या अंतरावर ती दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॉट भरते आणि अकरा वर्षांच्या सौरचक्रात तिच्यात साधारण ०.१ टक्क्याचा चढउतार होतो. हा चढउतार बाजूला काढला तर या सगळ्या काळात वाढीचा कल दिसत नाही. असलाच तर किंचित उतार आहे. नेमक्या याच दशकांत पृथ्वीचे सरासरी तापमान सर्वांत वेगाने वाढले. कारण खाली जाते आहे आणि परिणाम वर जातो आहे, अशा स्थितीत ते कारण सोडून द्यावे लागते.

दुसरा पुरावा वातावरणाच्या वरच्या थरांत आहे. सूर्य तापला असता तर हवेचे खालचे आणि वरचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचे तपांबर तापते आहे आणि वरचे स्थितांबर थंड होते आहे. ओझोनच्या घटीचाही त्या थंडाव्यात वाटा आहे, पण स्थितांबराच्या वरच्या भागातील घसरण मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. हा वायू खाली उष्णता अडवतो आणि उंचावर, जिथे हवा विरळ आहे तिथे, ती अवकाशात सोडून देण्यास मदत करतो. खाली ताप आणि वर थंडावा ही जोडी सूर्याच्या माथी मारता येत नाही.

आता ९५ टक्के. टक्केवारीने इथे फसगत होते, कारण ती कशाची टक्केवारी आहे हे पाहावे लागते. मंगळाची हवाच इतकी विरळ आहे की तिचा दाब आपल्या दाबाच्या एका टक्क्याहूनही कमी भरतो. तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर हे कबूल केलेच पाहिजे की, मंगळाच्या दर चौरस मीटर जमिनीवर असलेला कार्बन डायऑक्साइड पृथ्वीच्या तुलनेत वीसपटीहून अधिक आहे. काकांच्या प्रश्नातली खरी धार इथे आहे, आणि अनेक उत्तरे हा भाग वगळून पुढे जातात, ते मला योग्य वाटत नाही.

इतका वायू असूनही मंगळावर हरितगृह परिणामाने तापमान सुमारे पाच अंशांनीच वाढते आणि पृथ्वीवर ते सुमारे ३३ अंशांनी वाढते, याची दोन मुख्य कारणे आहेत. पहिले कारण दाब. हा वायू अवरक्त, म्हणजे उष्णतेचे, किरण ठरावीक तरंगलांबींवर शोषतो. हवा दाट असली की रेणूंच्या सतत टकरी होतात आणि त्या तरंगलांबींच्या अरुंद रेषा रुंदावून एकमेकींत मिसळतात; हवा विरळ असली की रेषा अरुंदच राहतात आणि त्यांच्या फटींतून उष्णता निसटून जाते. पृथ्वीवर हे रुंदावण्याचे काम नायट्रोजन आणि ऑक्सिजन करतात, ते स्वतः उष्णता फारशी अडवत नसले तरीही. दुसरे कारण बाष्प. पृथ्वीवर कार्बन डायऑक्साइडमुळे हवा थोडी तापली की समुद्रावरून अधिक बाष्प हवेत येते आणि तेही उष्णता अडवते. मंगळावर समुद्र नाही आणि हवेत बाष्प नावापुरतेच आहे, त्यामुळे ही साखळी तिथे सुरूच होत नाही. शिवाय मंगळाला सूर्यप्रकाश सरासरी ५९० वॉट, म्हणजे आपल्या निम्म्याहून कमी मिळतो. तेव्हा तो गोठलेला असण्यात नवल नाही, आणि त्यावरून आपल्याकडचा वायू निरुपद्रवी ठरत नाही. आपल्याकडे त्याचे प्रमाण औद्योगिकीकरणापूर्वीच्या दशलक्षात २८० भागांवरून ४२० च्या पुढे गेले आहे, म्हणजे दीडपट झाले आहे. ०.०४ हा आकडा लहान दिसतो, तो शोषण न करणाऱ्या वायूंच्या ढिगाशी तुलना केल्यामुळे.

पुण्यातल्याच कामाचा दाखला हवा असेल तर पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने भारताविषयीचा हवामानबदलाचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, ही वाढ मुख्यतः हरितगृह वायूंमुळे झाली आणि हवेतील मानवनिर्मित कणांनी व जमिनीच्या वापरातील बदलांनी तिला काही प्रमाणात रोखून धरले, असे त्यात मांडले आहे. काकांचा पेशा पाहता त्यांना तो वाचायला आवडेल.

शाळेतली_बाई

ही चर्चा वर्गात वापरावी इतकी उपयुक्त आहे. माझी एक शंका आहे. मंगळाच्या दक्षिण गोलार्धातला उन्हाळा अधिक प्रखर असतो असे मी मुलांना शिकवते, कारण त्या वेळी मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असतो. मग अधिक सहज उडून जाणारा कार्बन डायऑक्साइडचा बर्फ दक्षिणेलाच का टिकतो? तो उत्तरेला टिकायला हवा होता. आणि दक्षिण ध्रुवाखाली पाण्याचे सरोवर सापडले होते, त्याचे पुढे काय झाले?

ध्रुवमत्स्य

बाई, तुमची शंका फार नेमकी आहे आणि अभ्यासकांनाही तिने पुष्कळ काळ झुलवले आहे. मंगळाची कक्षा आपल्यापेक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे. सूर्यापासून त्याचे अंतर सुमारे २०.७ कोटी ते २४.९ कोटी किलोमीटर यांच्या दरम्यान बदलते आणि जवळच्या टोकाला त्याला दूरच्या टोकापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक प्रकाश मिळतो. त्या वेळी दक्षिणेत उन्हाळ्याची सुरुवात जवळ आलेली असते. पण जवळ असताना ग्रह वेगाने पुढे सरकतो, म्हणून दक्षिणेचा उन्हाळा प्रखर असला तरी आखूड असतो आणि तिचा शरद व हिवाळा मिळून मंगळाचे सुमारे ३७२ दिवस चालतो. दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवापेक्षा सुमारे सहा किलोमीटर उंचही आहे.

तरीही निर्णायक ठरते ती त्या बर्फाची शुभ्रता. हेलास नावाचे प्रचंड खोरे दक्षिण गोलार्धात आहे. त्याच्यामुळे वाऱ्यांची जी रचना होते तिच्यामुळे ध्रुवाच्या एका बाजूला कार्बन डायऑक्साइडचे बारीक हिमकण ढगांतून पडतात आणि दुसऱ्या बाजूला तो थेट जमिनीवर दहिवरासारखा गोठतो. भुरभुरणाऱ्या हिमाचा थर अधिक पांढरा असतो, प्रकाश परतवतो आणि उन्हाळा काढू शकतो. जमिनीवर गोठलेला थर काचेसारखा पारदर्शक होतो आणि उडून जातो. टोपी ध्रुवाच्या मधोमध नसून बाजूला सरकलेली का आहे, याचेही उत्तर यातच आहे.

या पारदर्शक थराचे वसंतात जे होते ते मुलांना जरूर सांगा. सूर्यकिरण बर्फातून आरपार जाऊन खालची काळपट माती तापवतात, तळाशी वायू साठत जातो, वरचा थर उचलला जातो आणि शेवटी एखाद्या कमकुवत जागी फुटतो. धुळीने भरलेला वायूचा झोत उसळतो आणि वाऱ्याच्या दिशेने बर्फावर काळा पंखा पसरतो. तळाशी वायू ज्या वाटांनी त्या भोकाकडे धावला, त्या वाटा जमिनीत कोरल्या जातात आणि बर्फ गेल्यावर कोळ्याच्या पायांसारख्या फाकलेल्या दिसतात.

सरोवराबद्दल सांगायचे तर मार्स एक्सप्रेस यानावरील रडारला दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर खोलीवर सुमारे २० किलोमीटर रुंदीचा एक अतिशय तेजस्वी परावर्तन करणारा भाग आढळला, असे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि द्रवरूप खारे पाणी असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे गोठलेल्या चिकणमातीनेही तसाच परतावा मिळू शकतो, अशी मांडणी इतर गटांनी केली. तिथले तापमान पाहता मला दुसरी बाजू अधिक पटते. वर्गात ते "सापडलेले सरोवर" म्हणून न शिकवता वादातला प्रश्न म्हणून शिकवावे, असे सुचवतो.

नळीवाला_पानशेत

मी हौशी निरीक्षक आहे, त्यामुळे गणितात पडत नाही, पण काकांना दुर्बिणीजवळ आणा असा आग्रह धरेन. मंगळाची पुढची प्रतियुती, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर समोर येण्याची वेळ, १९ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे. तो सिंह राशीत असेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यातून जवळजवळ डोक्यावर येईल. बिंब चौदा विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) थोडे लहान, म्हणजे २०१८ च्या जुलैतल्या प्रतियुतीच्या तुलनेत बरेच छोटे असेल. मात्र त्या वर्षी संपूर्ण ग्रहावर धुळीचे वादळ होते आणि इतक्या मोठ्या बिंबावरही आम्हाला पिवळसर गोळ्यापलीकडे फारसे काही दिसले नाही.

२०२७ मध्ये उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असेल आणि तिथे वसंत असेल. सहा ते आठ इंची दुर्बिणीतून, शहराच्या दिव्यांपासून दूर पानशेतच्या बाजूला, हवा स्थिर असताना पाहिले तर नारिंगी बिंबाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. तो सतत थरथरत असतो, मग एखाददुसऱ्या क्षणाला प्रतिमा थांबते आणि ठिपक्याभोवतीची गडद किनारही दिसून जाते. डोळा नेत्रिकेला लावून पंधरा-वीस मिनिटे शांत बसावे लागते. मोबाइल लावण्याची घाई करू नये. विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्ये या ठिपक्यांचे ऋतूंप्रमाणे लहानमोठे होणे पाहून ते बर्फाचे असावेत असे लिहिले होते. दर वर्षी बर्फ जातो आणि येतो हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला नुसत्या "बर्फ जातो आहे" या वाक्याने कोणी हलवू शकत नाही.

पाषाणवासी

एक भर घालतो. "मंगळ तापतो आहे" या म्हणण्याचा उगम दोन ठिकाणी आहे. रशियातील पुल्कोवो वेधशाळेतील हबिबुल्लो अब्दुसामातोव यांनी २००७ मध्ये दक्षिणेच्या टोपीचा दाखला देऊन सूर्याला कारण ठरवले, पण वर दिलेल्या थेट मोजमापांशी ते जुळत नाही. त्याच वर्षी एका शोधनिबंधात, १९७० च्या दशकानंतर मंगळाच्या पृष्ठभागाचे मोठे पट्टे काळवंडल्यामुळे तापमान सुमारे ०.६५ अंशाने वाढले असावे, असे प्रारूपाच्या आधारे मांडले गेले. फिरणारे संदेश हा आकडा उचलतात आणि त्याचे कारण गाळतात. त्या निबंधात कारण म्हणून धूळ आणि वारा दिले आहेत. उजळ धूळ उडून गेली की खालचा गडद खडक अधिक उष्णता शोषतो, एवढाच तो युक्तिवाद आहे. सूर्याच्या वाढीचा त्यात संबंध नाही.

ध्रुवमत्स्य

आणि मंगळावर खरा, दीर्घ मुदतीचा हवामानबदल होतो, हेही इथे नोंदवले पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. पृथ्वीचा अक्ष चंद्रामुळे स्थिर राहतो. त्याचा कल साधारण २२ ते साडेचोवीस अंशांच्या मर्यादेत हलतो. मंगळाला असा मोठा चंद्र नाही. आज त्याचा कल सुमारे २५ अंश असला तरी गेल्या सुमारे एक कोटी वर्षांत तो साधारण १५ ते ४५ अंशांच्या दरम्यान झुलत आला आहे आणि या झोक्याचा एक फेरा सुमारे १,२०,००० वर्षांचा आहे. कल वाढला की ध्रुवांवर ऊन अधिक पडते आणि तिथला पाण्याचा बर्फ मध्य अक्षांशांकडे जातो. कल घटला की तो परत ध्रुवांवर साठतो. ध्रुवांच्या उतारांवर उघडे पडलेले धूळ आणि बर्फ यांचे एकावर एक थर ही त्याचीच नोंद आहे.

मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरील रडारने या थरांचे छेद घेतले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दाखवले की सुमारे ३,७०,००० वर्षांपूर्वी मंगळाचे शेवटचे हिमयुग, म्हणजे बर्फ मध्य अक्षांशांवर पसरलेला काळ, संपले, आणि तेव्हापासून ध्रुवांवर, मुख्यतः उत्तरेला, सुमारे ८७,००० घन किलोमीटर बर्फ नव्याने साठला आहे. म्हणजे पाण्याच्या बर्फाचा या लांबच्या काळातला कल ध्रुवांवर वाढीचा आहे. संदेशात नेमके याच्या उलट सांगितले आहे.

कर्वेनगरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी काकांना हे सगळे वाचून दाखवले. स्थितांबराचा मुद्दा आणि दाबाने रुंदावणाऱ्या रेषांचा मुद्दा त्यांनी वहीत लिहून घेतला. त्यांचा एक प्रश्न उरला आहे. दक्षिणेचा तो कार्बन डायऑक्साइडचा पापुद्रा उद्या संपूर्ण उडून गेला, तर मंगळाची हवा दाट होऊन तो ग्रह खरोखर तापू लागेल का?

ध्रुवमत्स्य

नाही. त्या आठ-दहा मीटरांच्या पापुद्र्यात असलेला सगळा वायू हवेत गेला, तरी मंगळाच्या हवेचा दाब फार तर काही टक्क्यांनी वाढेल, आणि हंगामी टोपीच्या येण्याजाण्याने दर वर्षी होणाऱ्या चढउतारापुढे तो फरक लहान आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा साठा त्याच्या खाली, दक्षिणेच्या थरांत पुरलेला आहे. २०११ मध्ये रडारच्या नोंदींवरून तो लक्षात आला, आणि त्यात आजच्या वातावरणातील वायूच्या जवळपास तितकाच वायू गोठलेला आहे. अक्षाचा कल वाढतो तेव्हा हा साठा हवेत जात असावा आणि मंगळाचा दाब जवळजवळ दुप्पट होत असावा. तसे झाल्यावरही तो दाब पुण्यातल्या हवेच्या दाबाच्या दीड टक्क्यापेक्षा कमीच भरेल, त्यामुळे काकांना धुळीची वादळे वाढलेली दिसतील, पण ऊबदार मंगळ दिसणार नाही.